भिंगाचा उपासक

परभणी जिल्ह्यात झरी नावाचे एक गाव आहे. नाव उच्चारताच झुळझुळणाऱ्या पाण्याची आठवण व्हावी, असे ते गोड नाव आहे. झरीला काय किंवा दुसऱ्या कोणत्याही खेड्यात काय, ओढ्याच्या निवळशंख पाण्यात एखादी काठी तिरपी धरून पाहिली, तर एक मौज दृष्टीस पडते. पाण्याबाहेरचा काठीचा भाग सरळ असतो. परंतु ती जेथे पाण्यात शिरते, नेमकी तेथेच ती मोडल्यासारखी दिसते. बाहेर काढून पाहावी, तर काठी पूर्वीसारखीच सरळ! पुन्हा पाण्यात घालावी, तर पुन्हा वाकडी!

याहूनही नवलाचा एक प्रयोग घरी करून पाहता येतो. पितळेच्या एका वाटीच्या तळाशी नाणे ठेवावे आणि नाणे वाटीच्या काठाआड जाऊन दिसेनासे होईपर्यंत हळूहळू मागे सरकावे. मग तेथेच स्थिर उभे राहून दुसऱ्या कोणाकडून वाटीत अलगद पाणी ओतवून घ्यावे. पाणी चढू लागते, तसतसे नाणे आपल्या जागेवरून न हलता पुन्हा दिसू लागते. नाणे वर आलेले नसते आणि मघाची काठीही वाकलेली नसते. वाकलेला असतो तो प्रकाशाचा किरण.

प्रकाश हवेतून जाताना एका सेकंदात सुमारे ३ लक्ष किलोमीटर अंतर तोडतो. पाण्यात त्याचा वेग सुमारे सव्वादोन लक्ष किलोमीटरपर्यंत उतरतो, तर नेहमीच्या काचेत तो सुमारे २ लक्ष किलोमीटर एवढाच राहतो. वेग बदलला म्हणजे दिशा का बदलावी, हे शेतकऱ्याच्या मुलाला चटकन समजेल. पावसाळ्यात बैलगाडी पक्क्या रस्त्यावरून तिरकी होऊन काळ्या जमिनीच्या चिखलात उतरू लागली, म्हणजे एक चाक आधी चिखलात शिरते आणि मंदावते. दुसरे चाक अजून रस्त्यावरच असते. ते पूर्वीच्याच वेगाने पुढे धावते. त्यामुळे गाडी आपोआप वळते. दोन्ही चाके एकदमच चिखलात उतरली, तर गाडी मंदावते. पण वळत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात तिरपा शिरणारा किरण वळतो. सरळ उभा शिरणारा किरण वळत नाही. किरणाच्या या वळण्यास शास्त्रात वक्रीभवन असे म्हणतात.

पाण्यातील वाकडी काठी पाहून कोणी हसतो, तर कोणी तिला दृष्टीचा भ्रम समजून सोडून देतो. परंतु माणसाने या भ्रमामागचा नियम शोधून काढला, काचेला हवा तसा गोलसर आकार दिला आणि किरणांना आपल्या इच्छेप्रमाणे वळावयास लावले. अशा आकार दिलेल्या काचेला आपण भिंग म्हणतो. या भिंगाच्या साहाय्याने साऱ्या भारतवर्षाला हसविणारा, रडविणारा आणि विस्मयाने थक्क करून सोडणारा एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेला. त्यासाठी त्याने आपले धन, आपले स्वास्थ्य, इतकेच नव्हे, तर आपले डोळेसुद्धा पणाला लावले. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना आदराने दादासाहेब म्हणत.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या क्षेत्री झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. धुंडिराजानेही शास्त्री व्हावे, अशीच घराण्याची रीत सांगत होती. परंतु मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. वडिलांना मुंबईस संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. तेथे १८८५ साली धुंडिराज सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेचा अभ्यास केला. याच काळात एक नवी विद्या त्यांच्या मनात भरली. ती विद्या म्हणजे छायाचित्रण.

चित्रकाराला एखादे झाड रंगवावयाचे असेल, तर पान न् पान कुंचल्याने काढावे लागते. छायाचित्रकाराच्या पेटीत मात्र हे काम भिंग करते. एक साधे भिंग हाती घेतले, तर त्याचा हा गुण आपल्यालाही पाहता येईल. मध्यभागी जाड व कडेला पातळ असे भिंग खिडकीसमोर धरावे आणि त्याच्या मागे एक पांढरा कागद पुढेमागे सरकवावा. एका विशिष्ट अंतरावर कागदावर अंगणातील झाड उमटते. त्याची हिरवी पाने, हलणाऱ्या फांद्या, मागचे आकाश, सारे काही रंगांसह तेथे दिसते. मात्र ते उलटे असते. झाडाच्या शेंड्यापासून निघालेले किरण भिंगात शिरताना वळतात, भिंगातून बाहेर पडताना पुन्हा वळतात आणि कागदावर खाली एकत्र येतात. बुंध्यापासून निघालेले किरण तसेच वर एकत्र येतात. म्हणून प्रतिमा उलटी पडते. हा प्रयोग करताना एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये. कारण एकवटलेल्या किरणांनी डोळ्याला कायमची इजा होते.

तरुण धुंडिराजांनी या विद्येचा कसून अभ्यास केला. काच, रसायने, अंधारखोली यांत त्यांचे दिवस जाऊ लागले. छायाचित्रांवरून छपाईचे ठसे कसे करावेत, हेही ते शिकले. पुढे गुजरातेतील गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय थाटला. परंतु तेथे दैवाने त्यांच्यावर मोठा घाला घातला. प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल ही दोघेही दगावली. ते गाव सोडून ते बडोद्यास परतले आणि त्यांनी पुन्हा तोच व्यवसाय मांडला. पण तेथे दुसरेच संकट उभे राहिले. चित्र काढणारी ही पेटी माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेते आणि चित्र काढवून घेणारा लवकर मरतो, अशी आवई उठली. लोक भिंगासमोर उभे राहीनात. ज्या काचेत किरणाच्या वळण्यापलीकडे काही घडत नाही, तिच्यात अडाण्यांना मृत्यू दिसला. व्यवसाय बंद करावा लागला. भय घालवावयाचे असेल, तर भिंग लोकांच्या आनंदाचे साधन झाले पाहिजे, हा धडा मात्र फाळक्यांच्या आयुष्याने त्यांना असा शिकविला.

१९०२ साली त्यांनी दुसरा विवाह केला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुढे काही काळ फाळक्यांनी सरकारच्या पुराणवस्तू संशोधन खात्यात नोकरी केली. परंतु वंगभंगानंतर देशभर स्वदेशीची लाट उसळली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. लोणावळ्यास त्यांनी छापखाना काढला, तो पुढे दादरला हलविला आणि रंगीत छपाईचे नवे तंत्र शिकण्यासाठी जर्मनीचा प्रवासही केला. छापखान्याची कीर्ती वाढत असतानाच भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके त्यातून बाहेर पडले. वय चाळिशीचे, हाती पैसा नाही आणि पुढे काय करावे, हेही ठाऊक नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

अशा उदास दिवसांत, १९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास, गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. हलती चित्रे मुंबईला नवी नव्हती. फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला होता आणि हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईतील एका कुस्तीचे चलच्चित्रही घेतले होते. परंतु संपूर्ण कथा सांगणारे आपले चित्र अद्याप कोणी निर्माण केले नव्हते. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि फाळक्यांच्या मनःचक्षूंपुढे मात्र गोकुळातील श्रीकृष्ण आणि अयोध्येचा श्रीराम उभे राहत होते. आपल्या देशातील कथा आपल्याच माणसांनी पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. खेळ संपला, पण घरी गेल्यावर त्यांना झोप येईना. दुसऱ्या खेळाला त्यांनी सरस्वतीबाईंनाही सोबत नेले आणि आपला निश्चय त्यांना सांगितला.

त्या दिवसापासून त्यांची तपश्चर्या सुरू झाली. थोड्याशा पैशांत त्यांनी एक जुनापुराणा लहान कॅमेरा आणि फिल्मचे काही तुकडे मिळविले. फिल्मची पट्टी भिंगासमोर धरून ते एकेक चित्र न्याहाळीत. चित्रे कशी हलतात, हे कोडे त्यांनी उलगडले. वस्तुतः पडद्यावर एकही चित्र हलत नाही. मूकपटाच्या काळी एका सेकंदात साधारणपणे सोळा स्थिर चित्रे एकामागून एक डोळ्यांपुढे येत. एका चित्राचा ठसा पुसला जाण्यापूर्वीच दुसरे येई, आणि त्यामुळे पाहणाऱ्याला माणूस चालतो आहे, घोडा दौडतो आहे, असे वाटे. फाळके दिवसा प्रयोग करीत, सायंकाळी चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहत आणि रात्री पुन्हा प्रयोगाला बसत. झोप जवळजवळ नाहीशी झाली. अन्नाकडे लक्ष राहिले नाही. आप्तेष्ट काळजी करू लागले, कोणी त्यांना वेडेही ठरविले.

आणि मग ज्याची भीती होती तेच झाले. दोन्ही डोळ्यांना विकार जडला. अक्षरे पुसट झाली, माणसे धूसर झाली आणि अखेरीस दृष्टी जवळजवळ गेलीच. प्रकाशाची विद्या शिकावयास निघालेल्या माणसापुढे अंधार येऊन उभा राहिला. काय हा दैवदुर्विलास!

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपला डोळा हाही एक भिंगाचा कॅमेराच आहे. बाहेरून आलेले किरण प्रथम डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात वळतात, मग आतल्या इवल्याशा भिंगात वळतात आणि मागच्या दृष्टिपटलावर त्यांची प्रतिमा उमटते. झाडाची ती कागदावरील प्रतिमा जशी उलटी होती, तशीच ही प्रतिमाही उलटी असते; आपला मेंदू तिचा अर्थ सुलटा लावतो. किरण ठीक दृष्टिपटलावर एकत्र आले, तर वस्तू स्पष्ट दिसते. ते अलीकडे किंवा पलीकडे एकत्र येऊ लागले, तर वस्तू धूसर दिसते. चष्मा नेमकी हीच उणीव भरून काढतो. डोळ्यात शिरण्यापूर्वीच चष्म्याची काच किरणांना थोडेसे वळवून ठेवते, म्हणजे पुढचे काम डोळ्याला साधते.

डॉक्टर प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी फाळक्यांवर वेळीच उपचार केले. तीन-चार निरनिराळे चष्मे आलटून पालटून वापरावे लागले. परंतु हळूहळू त्यांना पुन्हा दिसू लागले. दुसरा एखादा असता, तर मरणाच्या दारातून परत आल्याप्रमाणे त्याने त्या छंदाला कायमचा रामराम ठोकला असता. डोळ्यांना पुन्हा ताण दिला, तर पुढे काय होईल, हे कोणी सांगू शकत नव्हते. घरात पत्नी होती, लहान मुले होती आणि मिळकत शून्य होती. तरीही चष्मा नाकावर चढवून फाळके पुन्हा कामाला लागले. ज्या वक्रीभवनाच्या नियमाने त्यांची दृष्टी त्यांना परत मिळवून दिली होती, त्याच नियमाच्या सेवेला त्यांनी ती पुन्हा अर्पण केली.

या हट्टाच्या मागे सरस्वतीबाई डोंगरासारख्या उभ्या राहिल्या. घरातील चीजवस्तू विकली गेली. त्यांनी आपले दागिनेही पतीच्या हवाली केले. फाळक्यांनी आपली विमापत्रे तारण ठेवून सुमारे १० हजार रुपयांचे कर्ज उभारले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते बोटीने विलायतेस निघाले. लंडनमध्ये त्यांची कोणाशीही ओळख नव्हती. चित्रपटविषयक एका साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी पाहून ते सरळ आत शिरले. तेथील संपादकांनी प्रारंभी त्यांना या धंद्यातील धोके समजावून सांगितले. परंतु या गृहस्थाची तळमळ खरी आहे, हे पाहून त्यांना सेसिल हेपवर्थ या प्रसिद्ध चित्रपटनिर्मात्याकडे नेले. हेपवर्थ यांनी आपल्या चित्रशाळेतील सर्व कामकाज त्यांना मोकळ्या मनाने दाखविले. फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा सुमारे ५० पौंडांस विकत घेतला, कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली आणि एप्रिलच्या आरंभी ते स्वदेशी परतले.

परंतु कॅमेरा असून भागत नाही; चित्रपटाला भांडवल लागते. धनिकांचा या नव्या खेळावर विश्वास कसा बसावा? याच धडपडीच्या काळात फाळक्यांनी एक नामी युक्ती योजिली. एका कुंडीत त्यांनी वाटाणा पेरला, कुंडी कॅमेऱ्यासमोर ठेवली आणि तिची थोडी थोडी चित्रे ते रोज घेत गेले. महिनाभर त्यांचा हा नेम चालू होता. मग ती सर्व चित्रे सलग दाखविताच प्रेक्षक आश्चर्यचकित झाले. जे घडावयास पुष्कळ दिवस लागतात, ते काही क्षणांत त्यांच्यापुढे घडत होते. माती फुटली, अंकुर वर आला, पाने उलगडली आणि वेल डुलू लागला. वाटीतील पाण्याने लपलेले नाणे दाखवावे, तसे भिंगाने लपलेला काळ दाखविला. चित्र पाहून फाळक्यांना कर्ज देणारे लोक पुढे आले.

आता खऱ्या कामास आरंभ झाला. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजा हरिश्चंद्राची कथा त्यांनी निवडली. दादरच्या राहत्या जागेतच चित्रशाळा उभी राहिली. दत्तात्रेय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके या तरुणाने ती भूमिका केली. त्र्यंबक तेलंग या स्नेह्यास फाळक्यांनी स्वतः कॅमेरा चालविण्यास शिकविले. विजेच्या दिव्यांची सोय नव्हती. जो काही प्रकाश होता, तो सूर्याचा. सरस्वतीबाई रणरणत्या उन्हात पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहत, म्हणजे चादरीवरून परतलेला उजेड नटांच्या तोंडावर पडे. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून ही माउली रात्री अंधारखोलीत फिल्मच्या कडांना भोके पाडी आणि रसायने कालवी. भारतीय चित्रपटाच्या जन्माच्या वेळी तिने असे दाईपण केले.

बाहेरच्या देखाव्यांसाठी मंडळी मुंबईबाहेर वांगणी येथे गेली, तेव्हाचा एक प्रसंग मोठा गमतीचा आहे. नटांच्या कमरेला तलवारी पाहून गावच्या पाटलाला हे दरोडेखोरच वाटले आणि त्याने सर्वांना अडकवून ठेवले. फाळके येऊन पोहोचले. त्यांनी परोपरीने समजूत घातली. पण पाटलाची खात्री पटेना. शेवटी त्यांनी कॅमेरा मांडला आणि आपल्या मंडळींकडून एक प्रसंग करवून घेतला. तो पाहून पाटलाचा संशय फिटला आणि सर्वांची सुटका झाली. मौज अशी, की त्या वेळी कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती! भिंगाने आपले काम केले, किरण वळले, पेटीत राजा हरिश्चंद्राची उलटी प्रतिमाही पडली. परंतु ती धरून ठेवणारे तेथे कोणी नसल्यामुळे ती आली तशी गेली.

चित्र पुरे झाले. त्याची लांबी ३७०० फूट होती. अशा फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे या एका चित्रपटात सुमारे ५९ हजार चित्रे होती. प्रत्येक चित्र प्रथम कॅमेऱ्याच्या भिंगातून आत आले होते आणि आता प्रक्षेपकाच्या भिंगातून ते बाहेर पडावयाचे होते. प्रक्षेपकात फिल्म उलटी लावावी लागते, कारण भिंग पडद्यावर प्रतिमा उलटी पाडते. उलट्याचे उलटे झाले, म्हणजे ते सुलटे दिसते. काठीला वाकडी दाखविणारा निसर्गाचा नियम येथे मात्र लहानशा चौकटीतील हरिश्चंद्राला भिंतीएवढा मोठा करून दाखविणार होता.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात हा खेळ लोकांसाठी सुरू झाला. दिवे मालवले गेले. पाठीमागून प्रकाशाचा एक झोत आला आणि पांढऱ्या पडद्यावर अयोध्येचा राजा चालू लागला. ज्या देशात काही वर्षांपूर्वी भिंगासमोर उभे राहण्यास माणसे भीत होती, तेथे आता तिकिटासाठी गर्दी लोटू लागली. भारतीय माणसांनी निर्माण केलेला पूर्ण लांबीचा पहिला कथापट म्हणून राजा हरिश्चंद्र मान्यता पावला.

त्यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व चित्रशाळा नाशिकला नेली. तेथे त्यांच्या प्रतिभेला बहर आला. १९१७ सालच्या लंकादहन या चित्रात अण्णा साळुंके यांनी राम व सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये श्रीकृष्णजन्म व १९१९ मध्ये कालियामर्दन ही चित्रे आली. कालियामर्दनात बाळकृष्णाचे काम फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केले. देव प्रकट होणे, अंतर्धान पावणे, मारुतीने आकाशातून उड्डाण करणे, असे चमत्कार त्यांनी कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी पडद्यावर घडविले. एकदा उमटवलेल्या फिल्मवर दुसरी प्रतिमा पाडणे, कॅमेरा मध्येच थांबवून पुढे चालू करणे, या साऱ्या युक्त्या त्यांच्या हातच्या मळासारख्या होत्या. त्यांना जादूचे खेळ करण्याचाही नाद होता. परंतु त्यांची खरी जादू मंत्रतंत्राची नव्हती; ती नियम जाणण्याची होती.

सुखाचे दिवस मात्र टिकले नाहीत. व्यवहारात ते कुशल नव्हते. भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले. मध्यंतरी ते काशीस जाऊन राहिले व तेथे त्यांनी नाटक लिहिले. पुढे १९३१ साली बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना मावळला. १९३७ साली कोल्हापूरच्या कंपनीसाठी गंगावतरण हा बोलपट त्यांनी काढला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. नव्वदांहून अधिक चित्रपट निर्माण करणारा हा पुरुष उतारवयात विपन्नावस्थेत व विस्मृतीत गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

देशाने पुढे त्यांचे ऋण मान्य केले. १९६९ सालापासून भारत सरकार चित्रपटसृष्टीतील थोर व्यक्तींना त्यांच्या नावाने पुरस्कार देऊ लागले. त्यांच्या पहिल्या चित्रांचा थोडासाच भाग काळाच्या तडाख्यातून वाचला. पण त्यांनी लावलेला अंकुर कुंडीतल्या वाटाण्यासारखा वाढतच गेला. फिरत्या तंबूंतून चित्रपट खेडोपाडी पोहोचला, जत्रांत शिरला आणि ज्यांनी मुंबई कधी पाहिली नव्हती, त्यांनीही पडद्यावर राम, कृष्ण आणि हरिश्चंद्र पाहिले.

ओढ्याच्या पाण्यात काठी पुन्हा कधी वाकडी दिसेल, तेव्हा तिला केवळ भ्रम म्हणून टाकून देऊ नये. तो किरण का वळला, असा प्रश्न मनाला विचारावा. डोळे जाण्याची वेळ आली, तेव्हाही ज्याने हा प्रश्न सोडला नाही, त्या भिंगाच्या उपासकाची मग आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

स्वाध्याय

१. पाण्यात तिरपी धरलेली काठी वाकडी का दिसते? बैलगाडीच्या उदाहरणावरून समजावून सांगा.
२. बडोद्यातील फाळक्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय का बंद पडला?
३. चष्म्यामुळे धूसर दिसणारी वस्तू स्पष्ट कशी दिसते?
४. राजा हरिश्चंद्र हे चित्र तयार होत असताना सरस्वतीबाईंनी कोणकोणती कामे केली?
५. वांगणीच्या पाटलाचा प्रसंग आपल्या शब्दांत लिहा.
६. वाटीतील नाण्याचा प्रयोग घरी करून पाहा आणि काय दिसले, ते आपल्या वहीत लिहून काढा.